फॉसेट-शोधावरील आक्षेपांचा परामर्श

स्टीव्ह फॉसेट ३ सप्टेंबर २००७ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या फ्लाइंग-एम रँचच्या धावपट्टीवरून एकटेच विमान घेऊन निघाले. रँच हॉटेल व्यावसायिक बॅरन हिल्टन यांच्या मालकीचा होता आणि फॉसेट तिथे पाहुणे म्हणून आले होते. विमान बेलांका बनावटीचे सुपर डिकॅथलॉन, एका इंजिनाचे, दोन आसनांचे, पंखांचा विस्तार सुमारे १० मीटर. टाकीत चार-पाच तास पुरेल इतके इंधन होते. दुपारपर्यंत परतायचा बेत होता. कोणत्या दिशेने जाणार हे त्यांनी नोंदवले नव्हते. निरभ्र हवेत नजरेच्या आधाराने केलेल्या अशा फेरीसाठी तिथल्या कायद्यानुसार फ्लाइट प्लॅन देणे सक्तीचे नसते. विमानातल्या आपत्कालीन संकेतयंत्राचा संदेश कोणालाही मिळाला नाही.

फॉसेट तेव्हा ६३ वर्षांचे होते. बलूनमधून एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस (२००२) आणि इंधन न भरता विमानातून एकट्याने तीच प्रदक्षिणा करणारा पहिला माणूस (२००५) अशी त्यांची कीर्ती होती. त्यामुळे शोध मोठा झाला आणि वादही मोठा झाला. सिव्हिल एअर पेट्रोल ही हवाई दलाशी संलग्न स्वयंसेवी संघटना, नॅशनल गार्ड, आसपासच्या काउंटींचे शेरीफ आणि हिल्टन यांनी उभी केलेली खासगी विमाने यांनी मिळून सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरचा मुलूख पाहिला. कोकण विभागाच्या दीडपटीहून हे क्षेत्र मोठे आहे. १७ सप्टेंबरला सिव्हिल एअर पेट्रोलने आपली उड्डाणे थांबवली, रडारच्या नोंदी पुन्हा तपासून ३० सप्टेंबरला काही पथके परत कामाला लागली आणि २ ऑक्टोबरला शोध थांबल्याचे जाहीर झाले. १५ फेब्रुवारी २००८ रोजी इलिनॉय राज्यातील न्यायालयाने फॉसेट यांना मृत घोषित केले.

त्यानंतर साडेसात महिन्यांनी, २९ सप्टेंबर २००८ रोजी, कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्सजवळच्या डोंगरात पायवाट सोडून चालणाऱ्या एका गिर्यारोहकाला फॉसेट यांची ओळखपत्रे आणि काही नोटा मिळाल्या. १ ऑक्टोबरला त्याच परिसरात हवेतून विमानाचे अवशेष दिसले. जागा रँचच्या दक्षिणेला सुमारे १०० किलोमीटरवर, मिनरेट शिखरांच्या उतारावर, सुमारे १०,००० फूट उंचीवर होती. पुढे हाडे मिळाली आणि डीएनए तपासणीने ओळख पटली.

या शोधावर तेव्हा घेतलेले आक्षेप आजही प्रत्येक मोठ्या शोधमोहिमेच्या वेळी थोड्याफार फरकाने पुन्हा ऐकू येतात. आक्षेपकांचा पूर्वपक्ष असा : अवशेष ज्या जागी मिळाले तिच्यावरून शोधविमाने १९ वेळा गेली होती, तेव्हा शोध करणाऱ्यांनी डोळे मिटून काम केले. हजारो लोकांना उपग्रहछायाचित्रे दाखवली, तेव्हा जास्त डोळ्यांना विमान दिसायला हवे होते. इतके करूनही मिळाले नाही याचा अर्थ माणूस तिथे नव्हताच, तो स्वतःहून नाहीसा झाला. आणि झाला असो वा मेला असो, एका श्रीमंत हौशी माणसासाठी करदात्यांचा पैसा ओतणे अन्याय्य होते. यातला पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. उरलेल्यांचे बरेचसे बळ त्याच्याकडूनच उसने आलेले असल्याने त्याचा विचार सविस्तर करावा लागतो.

एखाद्या जागेवरून जाणे आणि ती जागा शोधणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या शोधताना अमेरिकी नौदलाला हा फरक आकड्यांत मांडावा लागला. १९४२ मध्ये नौदलाने गणितज्ञांचा एक गट बसवला. त्यातील बर्नर्ड कूपमन यांनी शोधाच्या गणिताचा पाया घातला आणि १९४६ मध्ये ते काम नौदलाच्या अहवालरूपाने तयार झाले. त्याचे सूत्र साधे आहे. एखाद्या शोधात यश येण्याची शक्यता दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते : वस्तू त्या तुकड्यात असण्याची शक्यता, आणि ती तिथे असेल तर या पद्धतीने दिसण्याची शक्यता. दुसरी शक्यता विमानाची उंची, वेग, सूर्याचा कोन, जमिनीचा रंग, झाडी, उतार, वस्तूचा आकार आणि निरीक्षकाचा थकवा यांवर अवलंबून असते. सपाट कोरड्या तलावावर पडलेले अखंड विमान आणि ग्रॅनाइटच्या उतारावर आदळून चुरा झालेले, जळलेले विमान यांत ही शक्यता कित्येक पटींनी बदलते.

फॉसेट यांचे विमान दुसऱ्या प्रकारचे होते. ते डोंगराला जोरात धडकले, पेटले आणि त्याचे तुकडे खडकांत विखुरले. इंजिन मुख्य अवशेषांपासून दूर फेकले गेले. वरून पाहणाऱ्याला तिथे विमानाचा आकार दिसण्याचा प्रश्नच नव्हता. धातूचे तुकडे, खडक, सावल्या आणि बर्फाचे पट्टे यांचे एक मिश्रण दिसले असते. शिवाय कॅलिफोर्नियाच्या पथकांची ती उड्डाणे संभाव्य जागा म्हणून त्या उतारावर रेंगाळणारी नव्हती. त्या भागाला प्राधान्य नव्हते. १९ हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण प्रत्येक खेपेला दिसण्याची शक्यता अगदी थोडी असेल तर १९ खेपांची बेरीजही थोडीच राहते. त्यातही एकाच उंचीवरून, एकाच वेळी, एकाच दिशेने केलेल्या खेपा स्वतंत्र नसतात. पहिल्या खेपेला जी सावली अवशेषांवर होती तीच पुढच्याही खेपांना असते. म्हणून खेपांची मोजदाद हा शोधाच्या गुणवत्तेचा पुरावा होत नाही आणि हलगर्जीचाही होत नाही.

आक्षेपक म्हणतील, मग आणखी विमाने, आणखी माणसे लावायची होती. कूपमन यांच्या गणितात याचेही उत्तर आहे, आणि ते अनेकांना आवडत नाही. एखाद्या क्षेत्रात शोधाचे प्रयत्न यदृच्छेने विखुरले आणि त्यांचे एकूण आच्छादन त्या क्षेत्राएवढे झाले, तर तिथे असलेली वस्तू सापडण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. प्रयत्न दुप्पट केले तर ती ८६ टक्क्यांवर जाते. तिप्पट केले तर ९५ टक्क्यांवर. प्रयत्नांच्या दुसऱ्या हिश्शाला मिळणारा लाभ पहिल्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणून माणसे वाढवण्यापूर्वी ती कुठे लावायची हे ठरवण्याला जास्त किंमत आहे. पहिल्या दिवशी जवळ असलेली दहा विमाने योग्य चौकटीत असतील तर दहाव्या दिवशीच्या शंभर विमानांपेक्षा ती उपयोगी ठरतात.

या गणिताचा आणखी एक परिणाम वादात नेहमी सुटतो. न सापडणे ही नुसती निराशा नाही, ती माहिती आहे. समजा एखाद्या चौकटीत विमान असण्याची शक्यता २० टक्के मानली आणि तिथे शोध केला तर ते दिसण्याची शक्यता ७० टक्के होती. शोध झाला, काही मिळाले नाही. आता त्या चौकटीची शक्यता सुमारे ७ टक्क्यांवर उतरते आणि १० टक्के मानलेली शेजारची चौकट साडेअकराच्या वर चढते. पण दिसण्याची शक्यता ७० ऐवजी ३० टक्केच असेल, तर पहिली चौकट १५ टक्क्यांजवळच राहते आणि अजूनही यादीत वरच असते. दोन्ही प्रसंगी नकाशावर ‘पाहून झाले’ अशी एकच खूण होते. वर्तमानपत्रांचे नकाशेही तेवढेच दाखवतात. शोधाची प्रत खूण किती चौकटींवर झाली यावरून न ठरवता, प्रत्येक खुणेशेजारी दिसण्याची शक्यता किती होती हे लिहिले का, यावरून ठरवायला हवी.

याचे ठळक उदाहरण एअर फ्रान्सचे विमान ४४७ हे आहे. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाताना ते २२८ जणांसह अटलांटिकमध्ये कोसळले. पहिल्या महिन्यात ध्वनिग्राहक यंत्रे ओढत जहाजांनी मोठा पट्टा पिंजला. उड्डाण-नोंदपेट्यांचे संकेतयंत्र चालू असेल तर ते तिथे ऐकू यायला हवे होते. ऐकू आले नाही, म्हणून तो पट्टा जवळजवळ बाद झाला आणि पुढचे टप्पे इतरत्र गेले. २०११ च्या सुरुवातीला गणितज्ञांच्या एका चमूने हिशेब पुन्हा मांडला आणि विचारले : दोन्ही संकेतयंत्रे बंदच पडली असतील तर? तसे धरताच शेवटच्या ज्ञात स्थानाजवळची, आधी ‘झालेली’ म्हणून सोडलेली जागा पुन्हा वर आली. २५ मार्चला चौथा टप्पा सुरू झाला आणि ३ एप्रिलला, सुमारे ३,९०० मीटर खोलीवर, त्या स्थानापासून साडेसहा सागरी मैलांवर अवशेष मिळाले. त्या जागेवरून दोन वर्षांपूर्वी जहाजे गेलीच होती. त्या खलाशांना कोणी आंधळे म्हटले नाही, आणि तसे म्हणणे बरोबरही झाले नसते.

दुसरा आक्षेप जास्त डोळ्यांचा. फॉसेट यांच्या शोधात संगणकावरून मदत करण्याचा मोठा प्रयोग झाला. नवी उपग्रहछायाचित्रे सुमारे ८५ मीटर चौरसाच्या तुकड्यांत कापून अॅमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या यंत्रणेवर ठेवली गेली आणि जगभरच्या हजारो लोकांनी ती घरी बसून तपासली. त्याच वर्षी जानेवारीत संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे एकटेच शिडाच्या होडीतून सॅन फ्रान्सिस्कोबाहेरच्या फॅरलॉन बेटांकडे गेले आणि परतले नाहीत. तटरक्षक दलाने चार दिवस शोधून काम थांबवले, तेव्हा त्यांच्या मित्रांनी हाच मार्ग वापरला होता. सुमारे १२,००० स्वयंसेवकांनी लाखो तुकडे पाहिले. दोन्ही प्रकरणांत या मार्गाने काहीही हाती लागले नाही.

उत्साहाची निंदा करण्याचे कारण नाही, पण हिशेब उत्साहाने बदलत नाही. एक लाख तुकड्यांपैकी एकातच विमान आहे असे धरू. पाहणारा शंभरात एकदाच चुकून खडकाला विमान म्हणतो, म्हणजे तो फार चांगला पाहणारा आहे. तरीही त्या लाखातून हजार खोटे इशारे निघतात आणि प्रत्येक इशाऱ्यामागे कोणीतरी विमान, हेलिकॉप्टर किंवा माणूस पाठवायचा असतो. पश्चिम नेवाडा आणि सिएरा नेवाडाच्या डोंगरात जुन्या विमानांचे सांगाडे पुष्कळ आहेत. शोधाच्या पहिल्या आठवड्यातच नोंद नसलेले आठ अवशेष आढळल्याचे सांगण्यात आले होते. म्हणजे खरा इशारासुद्धा भलत्याच विमानाचा असू शकत होता. जास्त डोळे उपयोगी पडतात ते क्षेत्र आधीच आकुंचित झालेले असते तेव्हा, आणि प्रत्येक तुकडा अनेकांकडून तपासून मतांची छाननी करणारी व्यवस्था असते तेव्हा. ज्या डोंगरात विमानाचे तुकडे खडकांहून वेगळे दिसत नव्हते, तिथे छायाचित्रातून ते दिसण्याची शक्यता पाहणाऱ्यांच्या संख्येने वाढणार नव्हती.

तिसरा आक्षेप थोडक्यात निकाली काढता येतो. २००८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या काही वृत्तपत्रांनी फॉसेट यांनी स्वतःचा मृत्यू रचला असावा असे सूचित करणारे मजकूर छापले. त्यांचा सारा युक्तिवाद एका वाक्यात मावतो : इतके शोधूनही मिळाले नाही, म्हणजे तिथे काही नव्हते. वर दाखवलेला दोष हाच. दिसण्याची शक्यता शंभर टक्के धरून हा निष्कर्ष काढला होता. ऑक्टोबरमध्ये अवशेष मिळताच तो गळून पडला, परंतु अवशेष मिळाले नसते तरी तो तितकाच चुकीचा राहिला असता, एवढे लक्षात ठेवले पाहिजे. बेपत्ता माणसाच्या घरच्यांना अशा तर्कांची किंमत मोजावी लागते. विमा, कर्ज, वारसा, पुनर्विवाह हे सारे अडते आणि शोकाला संशयाची जोड मिळते.

चौथा आक्षेप पैशाचा. तो नैतिक असल्याने गणिताने सुटत नाही. नेवाडा राज्याने आपला खर्च ६,८७,००० डॉलर इतका सांगितला. हिल्टन यांनी स्वतःहून २ लाख डॉलर दिले. २००८ मध्ये गव्हर्नर जिम गिबन्स यांनी उरलेली रक्कम फॉसेट यांच्या वारसांकडे मागण्याची भूमिका घेतली आणि त्यावर बरीच टीका झाल्यावर मागणी ऐच्छिक असल्याचे सांगितले. वारसांनी ती मान्य केली नाही. त्यांनी स्वतःचा शोधही स्वखर्चाने चालवला होता.

बिल पाठवावे म्हणणाऱ्यांचे दोन युक्तिवाद असतात. एक, हौसेचे मोल हौशी माणसाने द्यावे. दोन, बिलाच्या धाकाने लोक सावध होतील. दुसरा युक्तिवाद मानवी वागणुकीच्या विरुद्ध जातो. बिलाची भीती निघतानाच्या निर्णयावर फारसा परिणाम करत नाही, कारण निघताना कोणालाच आपण हरवू असे वाटत नसते. ती परिणाम करते ती हरवल्यानंतर. वाट चुकलेला माणूस किंवा त्याचे घरचे मदत मागायला बिचकतात, ‘अजून तासभर पाहू’ म्हणतात, आणि तेवढ्यात अंधार पडतो. बचाव करणाऱ्यांना मग तोच माणूस रात्री, पावसात, जखमी अवस्थेत आणावा लागतो. म्हणूनच डोंगरी बचावसंघटनांचा कल सामान्यतः शुल्काच्या विरोधात असतो. अमेरिकेची राष्ट्रीय उद्याने शोधासाठी पैसे आकारत नाहीत. ब्रिटनमधील डोंगरी बचाव स्वयंसेवकांच्या बळावर विनामूल्य चालतो. न्यू हॅम्पशायर राज्याने मधली वाट काढली : निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच खर्च वसूल करायचा, आणि २०१५ पासून २५ डॉलरचे वार्षिक कार्ड घेणाऱ्याला साध्या निष्काळजीपणापुरती सूट द्यायची.

सह्याद्रीतही पावसाळा लागला की हाच वाद उठतो. धबधब्याच्या दगडावर सेल्फी काढताना घसरलेल्या पोराला दोराने वर काढायला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री घाट उतरतात आणि मोबदला मागत नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘दंड करा’ असे पत्र येते. पर्यटनबंदी मोडणाऱ्याला कायद्याने दंड करणे एक गोष्ट आहे. त्याला दरीतून वर आणण्याचे दर ठरवणे ही वेगळी. पहिल्याने नियम पाळला जातो, दुसऱ्याने फोन उशिरा येतो.

हौसेच्या मोलाचा पहिला युक्तिवाद फॉसेट यांच्या बाबतीत तपासला तरी टिकत नाही. ते विक्रम करायला निघाले नव्हते. कोरड्या तलावांची पाहणी करून जमिनीवरच्या वेगविक्रमासाठी जागा शोधत होते, असे सुरुवातीला सगळीकडे छापले गेले. त्यांच्या पत्नीने नंतर ते खोडले. सुट्टीच्या सकाळी मारलेली ती साधी फेरी होती. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या २००९ च्या अहवालानुसार अपघाताचे संभाव्य कारण खाली दाबणारा हवेचा प्रवाह हे होते. त्या उंचीवर, विरळ हवेत, त्या जुन्या विमानाची चढण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ३०० फूट उरली होती आणि डोंगराच्या आडोशाला हवा किमान ४०० फुटांच्या वेगाने खाली येत असावी. अनुभवी वैमानिकाचा निर्णय चुकला असे म्हणता येईल, पण कायदा मोडलेला नव्हता आणि न्यू हॅम्पशायरची निष्काळजीपणाची कसोटी लावली तरी वसुलीला आधार मिळणे कठीण होते. राहिली श्रीमंतीची गोष्ट. माणूस श्रीमंत म्हणून बिल द्यावे हे मान्य केले तर माणूस गरीब म्हणून शोध लहान करावा हेही उद्या मान्य करावे लागेल. प्रसिद्धीमुळे या शोधाला जास्त साधने मिळाली हे खरे आहे आणि खटकणारेही आहे. त्याचा उपाय अप्रसिद्धांच्या शोधाला किमान साधने कायद्याने मिळवून देणे हा आहे. प्रसिद्ध माणसाकडून नंतर पैसे घेतल्याने कुठल्याही अनोळखी बेपत्त्याला एक तासाचेही हेलिकॉप्टर जास्त मिळत नाही.

खंडन इथवर झाले तरी या शोधात दोष नव्हतेच असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. दोष होते, पण आक्षेपकांनी बोट ठेवले तिथे नव्हते. सर्वांत मोठा दोष शोध सुरू होण्याआधीचा आहे. रँचवर एका चिठ्ठीवर ‘दक्षिणेकडे, सिएराच्या कडेने’ एवढे शब्द लिहिलेले असते तरी ५०,००० चौरस किलोमीटरचा प्रश्न त्याच्या लहान अंशावर आला असता. आपत्संकेत पाठवणारे मनगटी घड्याळ फॉसेट एरवी वापरत. त्या सकाळी ते हातात नव्हते. विमानातले संकेतयंत्र जुन्या, १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या पिढीचे होते. त्या पिढीतली यंत्रे इतके खोटे इशारे देत आणि जागा इतकी ढोबळ सांगत की १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी त्यांच्याकडे कान देणेच बंद केले. ४०६ मेगाहर्ट्झची नवी यंत्रे मालकाची ओळख आणि बऱ्यापैकी अचूक स्थान पाठवतात, अर्थात धडकेत ती शाबूत राहिली तर. वैमानिक आणि गिर्यारोहक या छोट्या खबरदाऱ्यांना कमीपणा मानतात, आणि तो मानण्यात अनुभवी लोक नवख्यांच्या पुढे असतात.

दुसरा दोष अंदाजाला वस्तुस्थिती समजण्याचा. तलावांच्या पाहणीची गोष्ट एकदा पसरल्यावर लोकांच्या आणि माध्यमांच्या नजरेत विमान मैदानी नेवाडात असणे साहजिक झाले. असे अंदाज टाकून देऊ नयेत. पण प्रत्येकाला एक वजन देऊन नकाशावर मांडावे आणि विरोधी अंदाजही शेजारी मांडावा. ‘ते दक्षिणेला डोंगरात गेले’ ही शक्यता पहिल्या दिवसापासून एका ठरावीक टक्केवारीने नकाशावर असती, तर तलाव रिकामे निघत गेले तसतशी ती आपोआप वर चढत गेली असती. तिसरा दोष रडारचा. अपघातानंतर जुन्या नोंदी पुन्हा चाळल्यावर अपघातस्थळाजवळ संपणारा एक माग त्यांत ओळखता आला. रडारच्या असंख्य ठिपक्यांतून ओळख न पाठवणारे एक छोटे विमान निवडणे अवघड असते आणि उत्तर माहीत झाल्यावर ते सोपे भासते, हे मान्य केले पाहिजे. तरीही नोंदींचे वाचन उड्डाणांच्या बरोबरीने, पहिल्याच आठवड्यात, स्वतंत्र पथकाने व्हायला हवे. उड्डाणे थकल्यावर हाती घ्यायचे ते काम नाही. विमान एक तास उडवण्यापेक्षा रडारची एक फीत तासभर वाचणे स्वस्तही पडते आणि त्यात कोणाचा जीव धोक्यात येत नाही.

उरतो प्रश्न शोध थांबवण्याचा. २ ऑक्टोबर २००७ चा निर्णय घाईचा होता असे अनेकांनी म्हटले. तो रास्त होता. महिना होत आला होता. जखमी माणूस त्या वाळवंटात किंवा त्या उंचीवर इतके दिवस जगण्याची आशा उरली नव्हती. सिएराच्या माथ्यावर बर्फ पडायचे दिवस आले होते. खाली उतरणाऱ्या हवेने एक विमान पाडलेच होते आणि त्याच दऱ्यांत रोज डझनभर विमाने हिंडवणे म्हणजे दुसऱ्या अपघाताची वाट पाहणे होते. जगण्याची शक्यता, पुढच्या दिवसाच्या शोधात यश येण्याची शक्यता आणि शोधकांचा धोका, या तीन गोष्टींचा तोल बिघडला की थांबणे कर्तव्य होते. घरच्यांना ते क्रूर वाटते; त्यांच्यासाठी निर्णयाची कारणे आकड्यांसह सांगितली जाणे हाच काय तो दिलासा.

मात्र थांबवणे आणि मिटवणे यांत गल्लत होऊ नये. जिवंत माणसाचा शोध थांबतो तेव्हा अवशेषांचा शोध सुरू होतो. त्याला घाई नसते, म्हणून तो थोड्या साधनांत वर्षानुवर्षे चालू शकतो. त्याला लागते ती नीट ठेवलेली वही. कोणत्या चौकटीत, कोणत्या दिवशी, किती उंचीवरून, कोणत्या उजेडात पाहिले आणि तिथे चुरा झालेले विमान दिसण्याची शक्यता किती होती, हे ज्या वहीत आहे तिच्यावरून पुढच्या उन्हाळ्यात हौशी गिर्यारोहकांनाही काम वाटून देता येते. २००८ मध्ये असे गट खरोखर डोंगरात उतरले होते. कायद्याचा निकाल हा याहून स्वतंत्र विषय आहे. भारतात सात वर्षे कोणतीही खबर न मिळालेल्या माणसाला मृत मानण्याची तरतूद पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होती आणि ती नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे. फॉसेट यांच्या बाबतीत परिस्थितीजन्य पुराव्यावर न्यायालयाने साडेपाच महिन्यांतच निर्णय दिला. अशा निर्णयाने मालमत्तेचे आणि नात्यांचे व्यवहार मोकळे होतात. शोधाची फाईल त्यामुळे बंद करण्याचे कारण नसते.

फाईल उघडी ठेवल्याचे फळ भारतातही दिसले आहे. भारतीय हवाई दलाचे एएन-३२ जातीचे एक विमान २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघाले आणि २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. जहाजे, पाणबुड्या आणि विमाने यांनी केलेल्या मोठ्या शोधात अवशेषांचा मागमूस लागला नाही आणि सप्टेंबरमध्ये कुटुंबांना सारे मृत मानल्याचे कळवले गेले. शेवटच्या ज्ञात स्थानाची नोंद मात्र कायम होती. पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेकडे खोल समुद्रात स्वतः फिरणारे यान आले, तेव्हा ते त्याच स्थानावर सोडण्यात आले. सोनार आणि छायाचित्रे यांच्या मदतीने त्याने किनाऱ्यापासून १४० सागरी मैलांवर, ३,४०० मीटर खोलीवर एका कोसळलेल्या विमानाचे अवशेष टिपले. त्या भागात दुसरे कोणतेही विमान बेपत्ता झाल्याची नोंद नव्हती, आणि छायाचित्रांतील भाग एएन-३२ शी जुळत असल्याचे संरक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले.